मधल्या सुट्टीचे दहा रुपये

प्रश्न कळव्याच्या एका माध्यमिक शाळेतल्या बाईंचा आहे. सकाळचं सत्र, नववीच्या वर्गात ५८ मुलं. आठवड्यातून एकदा तरी प्रार्थनेला उभी असलेली एखादी मुलगी चक्कर येऊन खाली बसते. सहकारी म्हणतात, वस्तीच गरीब आहे, दुसरं काय होणार! पण बाईंची बहीण घोडबंदर रोडच्या मोठ्या सोसायटीत राहते. तिच्या दहावीतल्या मुलाच्या रिपोर्टमध्येही रक्त कमी, बी-१२ कमी, आणि वजन मात्र जास्त आलंय. मग घरच्या कमाईचा आणि या वयातल्या मुलांच्या खाण्याचा संबंध नेमका किती, आणि शिक्षकाने वर्गात काय करावं?

बाई, तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं चूक नाही, अपुरं आहे. मी गेली बावीस वर्षं ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. संध्याकाळी नौपाड्यात माझं क्लिनिक असतं आणि गुरुवारी सकाळी लोकमान्य नगरच्या बाजूला वस्तीतल्या एका दवाखान्यात बसते. त्यामुळे तुमच्या वर्गातली मुलगी आणि तुमचा भाचा, दोघंही एकाच आठवड्यात माझ्यासमोर असतात. इतक्या वर्षांत माझी एक गोष्ट पक्की झाली आहे. घरची कमाई ताटात उतरण्याआधी घरच्या घड्याळात आणि मुलाच्या खिशात उतरते. स्वयंपाकाला कुणाकडे किती वेळ उरतो, पैसा महिन्यात कधी हातात येतो, आणि घरात मोठं माणूस नसताना मुलाजवळ किती सुटे असतात, यावर त्याचं खाणं ठरतं.

एक मुलगी सांगते. किसन नगरच्या चाळीतली, चौदा वर्षांची. आई चार घरची कामं करते, त्यातल्या दोन घरी स्वयंपाक. वडील नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम घेतात. मी मुलांना ‘तू काय खातेस’ असं कधीच विचारत नाही, कारण त्याचं उत्तर ‘सगळं खाते’ असंच येतं. ‘काल सकाळी उठल्यापासून सांग’ म्हणते. माझ्या पिशवीत स्टीलच्या तीन वाट्या असतात, लहान, मधली आणि मोठी. त्या टेबलावर मांडते. ती म्हणाली, सकाळी चहा आणि दोन खारी. साडेनऊच्या सुट्टीत पाच रुपयांचं चटपटीत पाकीट आणि पाच रुपयांची बर्फाची पेप्सी. दुपारी घरी आल्यावर सकाळचा गार भात आणि डाळ. डाळ किती, विचारल्यावर तिने लहान वाटी उचलली आणि बोटाने अर्ध्यावर रेघ दाखवली. पाच वाजता चहा, बिस्किटं. मग क्लास. रात्री आई परतल्यावर साडेनऊला पुन्हा भात, बटाट्याचा रस्सा. भाजी? ‘बटाटा होता ना.’ हिमोग्लोबिन ९.२, हवं निदान बारा.

ही मुलगी दिवसातून पाच वेळा खाते. पोट रिकामं नाही, भूकही मेलेली नाही, म्हणून घरात कुणाला काही बिघडलंय असं वाटतच नाही. आईने माझ्यासमोर डोळ्यांना पदर लावला तो याच मुद्द्यावर. ‘मॅडम, दुसऱ्यांच्या पोरांसाठी मी रोज पालक-पनीर करते. माझ्या घरी गॅस लावायला मला रात्रीचे नऊ होतात.’

तिच्या घरी पैसा नाही हे खरंच. पण पाहा, तो नसण्याने नेमकं काय काय बिघडतं. फ्रिज नाही, म्हणून दूध अर्धा लिटरच यायचं आणि ते चहात जायचं. सिलेंडर दोन महिने पुरवायचा, म्हणून राजमा-छोले, अख्खे मूग यांच्या शिट्ट्या परवडत नाहीत. तूरडाळ पातळ करून निभावतं. किराणा रोजच्या रोज, तेल छोट्या पिशवीतलं, डाळ पावशेर. अशी पुडीपुडीने घेतलेली वस्तू महिन्याचं सामान एकदम भरणाऱ्यापेक्षा महाग पडते, म्हणजे ज्याच्याकडे कमी तोच किलोमागे जास्त मोजतो. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून ते मोफतही आहे, आणि त्याने पोट भरण्याचा प्रश्न बराच सुटला आहे. पण ते तांदूळ-गहू. डाळ, अंडी, दूध, फळ, पालेभाजी ही सगळी हातातल्या रोख पैशावर. वडिलांना आठवड्यात किती दिवस काम लागलं, त्यावर तो आठवडा कसा खाणार हे ठरतं. जुलै-ऑगस्टच्या धो धो पावसात नाका ओस पडतो, जूनमध्ये वह्या-गणवेशाचा खर्च नुकताच झालेला असतो. त्या दोन महिन्यांत माझ्याकडच्या मुलांच्या चोवीस तासांच्या नोंदीतून अंडं आणि मासळी गायब होते.

आता शरीराच्या बाजूने पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवून दिलेल्या प्रमाणानुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं. त्याच वयाच्या मुलाला २२, आणि मोठ्या माणसाला, म्हणजे तिच्या वडिलांना, १९. चौदा वर्षांच्या मुलीची लोहाची गरज कमावत्या बापाच्या दीडपट असते! उंची झपाट्याने वाढत असते, रक्ताचं प्रमाण वाढत असतं आणि त्यातच पाळी सुरू झालेली असते. आपल्या घरांत वाढण्याचा क्रम मात्र बरोबर उलटा: आधी वडील, मग मुलगा, आणि मुलगी आईबरोबर शेवटी. अंडाकरीत अंडी चार असतील तर मुलीच्या वाट्याला पुष्कळदा नुसता रस्सा येतो. हे फक्त चाळीत घडतं असं समजू नका.

तुम्ही नववीचं सांगितलंत म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. शालेय पोषण आहार, ज्याला आपण शाळेची खिचडी म्हणतो, तो आठवीपर्यंत आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यातून दीडशे ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. मूल नववीत गेलं की हे ताट बंद होतं. ज्या वयात गरज सर्वात वर चढते, नेमकं त्याच वर्षी. सातवीपर्यंत ठीक असलेली मुलगी नववीत का कोमेजली, असं पालक विचारतात, तेव्हा मी आधी शाळेचं जेवण कधी थांबलं ते विचारते. माझं स्पष्ट मत आहे की ही योजना दहावीपर्यंत न्यायला हवी. जिथे संधी मिळते तिथे मी हे बोलते, आणि शिक्षकांनीही बोललं पाहिजे.

प्रार्थनेतली चक्कर म्हणजे प्रत्येक वेळी रक्तक्षयच असतो असं नाही. रात्री साडेनऊला जेवलेली मुलगी सकाळी नुसत्या चहावर सातला शाळेत उभी राहते, वर उकाडा. त्यानेही डोळ्यांपुढे अंधारी येते. पण रक्तक्षय असण्याची शक्यता मोठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलांमध्ये ३१ टक्के. त्याआधी २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेऊन तपासणी झाली, त्यात किशोरवयीन मुलींचं प्रमाण ४० टक्के आलं. मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो, म्हणून एखाद्याच आकड्याला धरून बसू नये. पण कुठलाही धरला तरी तुमच्या वर्गातल्या मुलींपैकी निदान एक तृतीयांश जणी यात असाव्यात, असं धरून चाला.

आता तुमच्या भाच्याकडे येते. माझ्याकडे आलेला असाच एक मुलगा, पंधरा वर्षांचा, सत्ताविसाव्या मजल्यावरचा. आई-वडील दोघं आयटीत. आई म्हणाली, ‘घरात कशाचीच कमतरता नाही.’ आणि खरंच नव्हती. फ्रिजमध्ये ब्लूबेरीपर्यंत सगळं. पण मुलगा शाळेतून साडेतीनला येतो, घरी कुणी नसतं, सकाळी स्वयंपाकाच्या मावशींनी करून ठेवलेली पोळी-भाजी डब्यात गार झालेली. हातात मोबाईल, त्यात पैसे भरलेलं वॉलेट. वीस मिनिटांत बर्गर दारात. पाचला कोचिंग, तिथे खाली मोमो किंवा थंड पेय. साडेआठला आई-बाबा येतात तेव्हा त्याला भूक नसते, आणि दहाला पुन्हा लागते, तेव्हा नूडल्स. वाट्या त्याच्यासमोरही मांडल्या. डाळीसाठी त्यानेही लहान वाटी उचलली. अर्धी.

त्याच्या मानेच्या मागची कातडी काळपट, जाडसर झाली होती. आईला वाटायचं नीट घासत नाही, म्हणून ती त्याला ओरडायची. बाई, ही मानेची काळी पट्टी मळाची नसते. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. वर्गात अशी मान दिसली तर त्या मुलाला कुणासमोर काही म्हणू नका. पालकांना बाजूला घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगा. आपल्याकडच्या मुलांचा बांधा मुळातच असा की वजन फार नसतानाही चरबी पोटाभोवती साठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नव्वदीच्या दशकापासून पुणे जिल्ह्यातल्या गावांत आयांचा आणि बाळांचा पाठपुरावा करून दाखवलं की आपली बाळं जन्मतः हडकुळी दिसली तरी चरबीचं प्रमाण राखून असतात. म्हणून वजनकाट्यापेक्षा कंबर बघावी. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर सावध व्हावं.

तर चाळीतली मुलगी आणि टॉवरमधला मुलगा, दोघांच्याही दिवसात एक सारखाच तुकडा आहे: घरात मोठं माणूस नाही, भूक लागली आहे, हातात पैसे आहेत. तिच्याकडे दहा रुपये, त्याच्याकडे तीनशे. दोघांनी विकत घेतलं ते मैदा, पामतेल, मीठ आणि साखर. फरक पुढे पडतो. त्याला बिघडलेलं सुधारायला पैसा आहे, तपासण्या आहेत, बी-१२ ची इंजेक्शनं आहेत, पोहायचा क्लास आहे. तिला यातलं फारसं काही नाही, आणि शिवाय तिची उंची कायमची थोडी कमी राहून जाऊ शकते. त्यामुळे ‘गरीब काय नि श्रीमंत काय, सगळ्यांचं सारखंच’ असं कुणी म्हणालं की मी थांबवते. सारखं नाही.

मधल्या घरांबद्दल कमी बोललं जातं. सावरकर नगरमधला रिक्षावाला, कोपरखैरण्यातलं माथाडी कामगाराचं घर, ऐरोलीतली नवी नोकरी लागलेली जोडी. इथे कमाई वाढते आहे, पण रिक्षाचा हप्ता, घराचा हप्ता, इंग्रजी माध्यमाची फी या गोष्टी टाळता येत नाहीत. आवळता येतं ते खाणं, आणि खाण्यातही आधी फळ आणि दूध. उलट हातात थोडा पैसा खुळखुळला की पहिलं घरात येतं ते पाकीट. २०२२-२३ च्या सरकारी खर्च पाहणीत शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चातला ३९ टक्के खर्च खाण्यावर निघाला, आणि त्यातला सर्वात मोठा हिस्सा, एकूण खर्चाच्या साधारण साडेदहा टक्के, पेयं आणि तयार पदार्थांचा. भाजी, फळं, दूध, अंडी-मासळी या प्रत्येकापेक्षा जास्त. मला यात आईबापांचा दोष दिसत नाही. पोराला पहिल्यांदा काही ‘विकतचं’ देता येतंय, त्यात केवढा आनंद असतो! पाच रुपयांचं पाकीट हे गरीब आईलाही परवडणारं एकमेव लाडाचं खाणं आहे. म्हणून मी ते हातातून हिसकावून घ्यायला कधीच सांगत नाही, त्याच्या जोडीला काय ठेवता येईल ते बघते.

वर्गात काय करता येईल, याबद्दल आता. आधी काय करू नये ते सांगते. ‘पौष्टिक डबा स्पर्धा’ घेऊ नका. एका शाळेत मी परीक्षक म्हणून गेले होते. बदाम, किवी, चीज घातलेले डबे पुढच्या रांगेत, आणि एक मुलगी भाकरी आणि जवळ्याची, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीची, चटणी आणलेला डबा बाकाखाली लपवून बसलेली. त्या वर्गातला सर्वात सकस डबा तिचा होता. जवळा सालीसकट खाल्ला जातो, त्यातून कॅल्शियम आणि चांगली प्रथिनं मिळतात, आणि फ्रिजशिवाय टिकतो. त्यानंतर मी अशा स्पर्धांना जाणं बंद केलं. मुलांचं वजनही सगळ्यांसमोर घेऊ नका.

तुम्ही स्वतः मधल्या सुट्टीत वर्गात बसून डबा खा. रोज नाही जमलं तर आठवड्यातून दोनदा. गार पोळीची लाज याच वयात वाटते, आणि बाईंच्या डब्यातही गार पोळीच आहे हे दिसलं की ती निम्मी जाते. ज्यांच्याकडे डबा येऊच शकत नाही, त्यांच्याशी दहा रुपयांचं बोला. दहा रुपयांत भाजलेले चणे मूठ-दीड मूठ येतात. पन्नास ग्रॅम चण्यांत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, चौदा वर्षांच्या मुलीच्या दिवसाच्या गरजेच्या जवळपास पाव हिस्सा. किंवा शेंगदाण्याची चिक्की, किंवा दोन वेलची केळी. मुलांना हे मुलांच्याच हिशोबाने सांगा: पाकिटावरचं वजन वाचायला लावा, दहा रुपयांत किती ग्रॅम आलं ते फळ्यावर मांडा, शेजारी चण्यांचे ग्रॅम मांडा. गणिताचा तास म्हणून घ्या. मुलं चिडतात, ‘एवढीशीच चिप्स?’ म्हणतात. त्या चिडण्याचा उपयोग होतो. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत अति मीठ-साखर-तेलाचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तुमच्या फाटकावरच्या गाडीवाल्याशी भांडण्यापेक्षा त्याला उकडलेले चणे, कांदा-लिंबू मारून ठेवायला सांगून पाहा. वागळे इस्टेटच्या एका शाळेबाहेर हे जमलं आहे.

आयांच्या सभेत मी चार-चार गोष्टी कधी सांगत नाही, दोनच सांगते, कारण दोन लक्षात राहतात. चहा जेवणाबरोबर नको. एक तास आधी किंवा नंतर. चहातली द्रव्यं जेवणातलं लोह अडवतात. आणि डाळ-भाजीवर लिंबू पिळा, त्याने तेच लोह अंगी जास्त लागतं. दोन्हीला पैसा जवळजवळ लागत नाही. वेळ असेल तर तिसरी: तीळ, जवस, कारळं, शेंगदाणे यांच्या कोरड्या चटण्या. रविवारी एकदा कुटल्या की आठवडाभर टिकतात, आई घरी नसतानाही मुलगी भातावर घालून घेऊ शकते. पावसाळ्यात येऊरच्या पाड्यांवरच्या बायका ठाण्याच्या बाजारात टाकळा, कुर्डू, शेवळं घेऊन बसतात. ज्या आया गावाकडून आल्या आहेत त्यांना या भाज्या ओळखता येतात, करता येतात, पण इथे शहरात त्या ‘गावठी’ म्हणून मागे पडल्या. सभेत त्यांचं नाव काढलं की बायका आपणहून बोलायला लागतात.

मग निळी गोळी. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी शाळेतून द्यायची सरकारी योजना आहे, आणि वर्षातून दोनदा जंताची गोळीही. तुमच्या शाळेत ती येत नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्राकडे लेखी मागणी करा. येत असेल तर ती वाटून होते की गिळून, हे बघा. काही शाळांत सोमवारी सकाळी उपाशीपोटी वाटली जाते, मळमळतं, आणि पुढच्या सोमवारी मुली ती रुमालात बांधून फेकून देतात. सकाळच्या सत्रात ती मधल्या सुट्टीनंतर द्या, आणि आधीच सांगून ठेवा की शौचाचा रंग काळा होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे कुणी सांगितलेलं नसल्याने घाबरून गोळी सोडलेल्या मुली मी कितीतरी पाहिल्या आहेत.

जिला वारंवार चक्कर येते तिचं मात्र गोळीवर भागवू नका, रक्त तपासायला पाठवा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. या वयाच्या मुलीत बाराच्या खाली रक्तक्षय, आठच्या खाली गंभीर, तिथे लगेच डॉक्टर. पाळीत सात दिवसांहून जास्त रक्तस्राव होतो का, हे तुम्ही स्त्री म्हणून विचारू शकता. घरी कुणी विचारत नाही. आणि तीन महिने रोज औषध घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर थॅलेसेमिया मायनरची तपासणी डॉक्टरांना सुचवायला पालकांना सांगा, पाड्यावरच्या मुलांच्या बाबतीत सिकलसेलचीही. हे दोन्ही आईवडिलांकडून आलेले रक्ताचे दोष आहेत. तिथे लोह वाढवत बसून उपयोग नाही.

तुमच्या बहिणीला एवढंच सांगा की साडेतीनला घरात कुणी नसणार हे धरून त्या वेळेचं खाणं आदल्या रात्री ठरवा: गरम करायला एक मिनिट लागेल असं काही, मुलाला स्वतः उचलून खाता येईल असं. उकडलेली अंडी, मोड आलेल्या मुगाची उसळ, थालीपिठाचं भिजवून ठेवलेलं पीठ. पंधरा वर्षांच्या मुलाला तव्यावर थालीपीठ लावता आलं पाहिजे, त्याला शिकवा. आणि रात्रीचं जेवण रोज आठच्या आत जमत नसेल तर निदान आठवड्यातले तीन दिवस तरी जमवा.

किसन नगरच्या त्या मुलीचं हिमोग्लोबिन चार महिन्यांनी ११.४ झालं. डॉक्टरांनी दिलेली गोळी तिने सोडली नाही, आणि आईने पहाटे वरण घट्ट करून ठेवायला सुरुवात केली. पेप्सी अजून खाते. मागच्या गुरुवारी आली तेव्हा वाट्या मांडायच्या आधीच तिने मधली वाटी पुढे ओढली.